चालता संगणक हलवायचा, पण कधीपर्यंत?

एखाद्या संगणकावर बँकेचे व्यवहार धडाधड चालू आहेत. तो संगणक तसाच, चालता चालता, शेजारच्या यंत्रात नेऊन ठेवला आणि कुणाला पत्ताही लागला नाही, असं होऊ शकतं? होतं! कारण हा संगणक आभासी असतो. हायपरव्हायझर नावाच्या सॉफ्टवेअरने तो मोठ्या सर्व्हरच्या पोटात उभा केलेला असतो.

तरी त्याची मेमरी न्यायची कशी? ती तर क्षणोक्षणी बदलते. एखाद्याची वही उतरवून घ्यायची आणि त्याने मागच्या पानांवर गिरवतच राहायचं, तशातला प्रकार. मग आधी सगळी पानं उतरवायची, तेवढ्यात बदललेली पुन्हा उतरवायची. बहुतेक वेळा दर फेरीला ती कमी होत जातात. शेवटी मूठभर उरली, की संगणक निमिषभर थांबवून तीही न्यायची. २००५ मध्ये संशोधकांनी झेन या हायपरव्हायझरवर ऑनलाइन खेळाचा सर्व्हर खेळ रंगात असताना असाच हलवला. खंड पडला सुमारे ६० मिलिसेकंदांचा!

आता हेच हजारो कंपन्यांच्या हाती द्यायचं, तर तारीख कोणती सांगाल? नव्या यंत्राचा प्रोसेसर थोडा जुना असला तर? चालू प्रोग्रामने सुरुवातीलाच प्रोसेसरला ‘तुला काय काय येतं?’ असं विचारून ठेवलेलं असतं. तिकडे गेल्यावर त्यातलं एखादं येतच नसलं, तर तो कोसळतो. डिस्क दोन्ही यंत्रांना दिसायला हवी. नेटवर्कलाही कळायला हवं, की हा पत्ता आता दुसऱ्या दारात आहे. शिवाय प्रत्येक अडचण दुसरीशी जोडलेली; एक सोडवली की तिच्याआडची पुढची दिसते. अशा कामाचे दिवस आधी मोजणार कसे?

मायक्रोसॉफ्टपुढे हाच पेच होता. विंडोज सर्व्हर २००८ तयार झाल्यापासून १८० दिवसांत हायपर-व्ही हा आपला हायपरव्हायझर देऊ, असा त्यांचा शब्द होता. मे २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की चालत्या संगणकाचं स्थलांतर पहिल्या आवृत्तीत नसेल. चालू संगणकाला मेमरी किंवा प्रोसेसर जोडण्याची सोयही वगळली. मला हा निर्णय त्या तंत्राइतकाच थक्क करतो. सगळ्यात देखणी गोष्ट बाजूला ठेवायला केवढी हिंमत लागत असेल!

आणि ग्राहकांना रिकाम्या हाताने पाठवलं नाही. साधा पर्याय दिला: संगणक थांबवा, त्याची अवस्था डिस्कवर लिहा, दुसरीकडे उठवा. थोडा खंड पडतो, पण वहीत कुणी लिहीतच नसल्याने पाठलाग उरत नाही.

विंडोज सर्व्हर ४ फेब्रुवारी २००८ ला तयार झालं आणि हायपर-व्ही २६ जूनला, म्हणजे १४३ दिवसांत. वगळलेलं स्थलांतर २००९ मध्ये पुढच्या आवृत्तीत आलं.