'डाउट' आणि 'शंका' : अर्थच्छटांतील भेद

मराठीतील 'शंका' या शब्दात प्रश्न, अनिश्चितता व संशय हे तिन्ही अर्थ सामावतात. त्यामुळे 'सर, एक शंका आहे' याचे 'आय हॅव अ डाउट' असे भाषांतर विद्यार्थी सहज करतात. भारतीय इंग्रजीत ते रूढ आहे. परंतु ब्रिटिश वा अमेरिकन प्राध्यापकास त्यातून अविश्वास जाणवू शकतो. तेथे 'क्वेश्चन' हाच शब्द योग्य ठरतो. 'सस्पेक्ट' हा 'डाउट'चा समानार्थी मानला जातो. मात्र 'आय डाउट ही विल कम' म्हणजे तो बहुधा येणार नाही, तर 'आय सस्पेक्ट ही विल कम' म्हणजे तो बहुधा येईल. म्हणून समानार्थी शब्द केवळ यादीतून न देता वाक्यांतून शिकविणे अगत्याचे ठरते.