प्रणालीची पुनर्स्थापना (हार्ड डिस्क बदलल्यानंतर)

निकामी झालेल्या हार्ड डिस्कच्या जागी नवी बसवून तीवर संगणकाची कार्यप्रणाली पूर्ववत करण्याच्या प्रक्रियेस प्रणालीची पुनर्स्थापना म्हणतात. डेल, एचपी, लेनोव्हो आदी कंपन्या कार्यप्रणालीची सीडी संगणकासोबत सहसा देत नाहीत. तिची प्रत हार्ड डिस्कच्याच एका राखीव विभागात ठेवलेली असते. साहजिकच डिस्क गेली की तो उपायही जातो. म्हणून संगणक सुस्थितीत असतानाच पुनर्स्थापनेचा पेन ड्राइव्ह करून ठेवणे इष्ट. तो नसल्यास दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून घेता येते. पेन ड्राइव्हवरील आधीचा मजकूर मात्र पुसला जातो.

डिस्क बदलली की विंडोज पुन्हा विकत घ्यावे लागते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. विंडोज ८ (२०१२) पासून मूळ परवान्याची कळ मदरबोर्डवर साठवलेली असते. तीच आवृत्ती (होम वा प्रो) बसवल्यास परवाना सामान्यतः आपोआप लागू होतो. मदरबोर्ड बदलल्यास अडचण येते. विंडोज ७ च्या संगणकांवर ही कळ बाहेर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेली असे.

पुनर्स्थापनेने कार्यप्रणाली परत येते, वापरकर्त्याच्या फायली नव्हेत. मराठी वापरकर्त्यांना आणखी एक अनुभव येतो. श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले दस्तऐवज नव्या प्रणालीवर निरर्थक रोमन चिन्हांसारखे दिसतात आणि पुष्कळदा ते बिघडले समजून टाकून दिले जातात. वस्तुतः मूळ फॉन्ट बसवताच ते पूर्ववत वाचता येतात. जुनी डिस्क अंशतः चालत असल्यास फायलींबरोबर फॉन्टही उतरवून घ्यावेत.