विधेयकाचा माग कसा काढाल?

पनवेल तालुक्यातल्या करंजाड्यातून विधिमंडळ दूर वाटते. पण गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारींनी रायगड जिल्हा गाजला आणि सामाजिक बहिष्काराविरोधी कायद्यामागे अशा तक्रारींचा मोठा रेटा होता. त्याच कायद्याचा प्रवास :

जुना प्रयत्न : मुंबई प्रांताचा बहिष्कृतीविरोधी कायदा १९४९ चा. सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द ठरवला.

मंजुरी : एप्रिल २०१६. विधानसभा (२८८ सदस्य) आणि विधान परिषद (७८) या दोन्ही सभागृहांची मोहोर.

संमती : विधेयक राष्ट्रपतींकडे गेले. कायदा लागू झाला जुलै २०१७ मध्ये, म्हणजे मंजुरीनंतर सव्वा वर्षाने.

शिक्षा : ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

काय पाहावे?
• विधेयकाच्या शेवटी छापलेले ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’. सरकारला नेमके काय साधायचे आहे, ते इथे कळते.
• विधेयक समितीकडे गेले का? जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झाले.
• राजपत्रातली अंमलबजावणीची तारीख. नुसत्या मंजुरीवर विसंबू नका : महिला व बालकांवरील अत्याचारांविरोधातले, डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेले ‘शक्ती’ विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झालेच नाही.