पद्मासनात वळते ते काय : खुबा की गुडघा?

गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा आणि खुबा म्हणजे उखळीचा सांधा, हे वर्गीकरण आपण वर्गात शिकवतो. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योगदिन असतो. त्या दिवशी हीच मुले मैदानावर रांगेत पद्मासन घालायला बसतात. त्यांतल्या एखाद्याचा गुडघा जमिनीपासून वीतभर वर राहतो आणि मागून कोणीतरी येऊन तो हाताने खाली दाबते. हा दाब नेमका कुठे जातो, ते आज आपण पाहू.

आधी एक साधा प्रयोग करून बघा. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ ताणा, टाच जमिनीवर राहू द्या. आता पाऊल बाहेरच्या बाजूला वळवा. गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवलात तर वाटीही पावलाबरोबर वळलेली जाणवेल. म्हणजे सगळा पाय खुब्यापासून फिरला. आता गुडघा काटकोनात वाकवून पाऊल जमिनीवर टेका, मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि पुन्हा पाऊल वळवा. या वेळी वाटी जागच्या जागी राहते, नडगी मात्र थोडी फिरते. वाकलेल्या गुडघ्यात नडगी बाहेरच्या बाजूला साधारण ३० ते ४० अंश फिरू शकते, सरळ गुडघ्यात जवळजवळ नाहीच. पुस्तकातली बिजागरी वाकल्यावर जराशी सैल होते, असे म्हणायला हरकत नाही. सगळी अडचण या सैलपणातच आहे.

पद्मासनात पाऊल विरुद्ध मांडीवर येते आणि तळवा आभाळाकडे होतो. एवढे वळण यायला हवे ते खुब्यातून. मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत बाहेरच्या बाजूला पुरेसा फिरला, तर गुडघ्याला फक्त घडी घालायची असते आणि ते काम त्याला उत्तम जमते. पण खुबा मध्येच अडला आणि आपण पाऊल ओढतच राहिलो, तर उरलेले वळण गुडघा आणि घोटा यांच्या वाट्याला येते. नडगी वर उचलली जाते आणि गुडघा कडेच्या दिशेने वाकू लागतो, ज्या दिशेने वाकण्याची त्याची रचनाच नाही. बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो, आतल्या बाजूला दोन हाडांमधली कूर्चेची चकती चिमटते.

यात तरफेचे गणितही आहे. गुडघ्यापासून पावलापर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर धरू. पाऊल हाताने ५ किलोच्या जोराने वर ओढले तर गुडघ्याशी ४० × ५ म्हणजे २०० एवढे आघूर्ण तयार होते. ते सावरणारा अस्थिबंध टेकूपासून सुमारे ५ सेंटिमीटरवर आहे असे मानले, तर त्याच्यावर ताण येतो ४० किलोचा. हा हिशेब ढोबळ आहे, कारण स्नायू आणि आसपासचे इतर बंधही भार वाटून घेतात. तरीही हाताला हलका वाटणारा जोर गुडघ्यात कितीतरी पट होतो, एवढे त्यातून कळते. तरफांच्या पाठाला हे उदाहरण कात्री आणि अडकित्त्यापेक्षा अधिक जवळचे आहे.

त्या चकत्यांविषयी थोडे. प्रत्येक गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या अशा दोन चकत्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. आतल्या बाजूची चकती शेजारच्या अस्थिबंधाला घट्ट जोडलेली असल्याने तिला बाजूला सरकायला फारशी जागा नसते. रक्तपुरवठा चकतीच्या फक्त बाहेरच्या काठाला असतो. आतल्या भागात चीर पडली तर ती सहसा आपोआप सांधत नाही. त्या भागात वेदना कळवणारे मज्जातंतूही जवळजवळ नसतात. म्हणून ‘दुखत नाही ना, मग चालू द्या’ हा सल्ला येथे भरवशाचा नाही.

मग सरावाने खुबा मोकळा होत नाही का? होतो, पण काही प्रमाणातच. स्नायू आणि बंध महिनोन्महिन्यांच्या सरावाने सैलावतात. उखळीची खोली मात्र बदलत नाही आणि मांडीच्या हाडाची मान किती पिळलेली आहे तेही मोठेपणी बदलत नाही. ही पिळण जन्मतः सुमारे ३० ते ४० अंश असते, वाढीबरोबर कमी होत प्रौढपणी सरासरी १५ अंशांच्या आसपास येते, आणि माणसागणिक तिच्यात बराच फरक असतो. पिळण जास्त असेल तर पाय आत सहज वळतो, बाहेर कमी. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाला पद्मासन चटकन जमते आणि दुसऱ्याला जमत नाही, त्यात आळसाचा संबंध नसतो. त्याला रांगेत सर्वांसमोर बोलणे आम्हाला तरी अन्यायाचे वाटते.

आसन घालताना आधी गुडघा पूर्ण मिटावा, पोटरी मांडीला भिडवावी. मग नडगीला दोन्ही हातांचा आधार देऊन मांडी खुब्यातून बाहेर वळवावी आणि टाच बेंबीकडे आणावी. चवडा धरून ओढू नये. घोटा मुरगळल्यासारखा वाकू न देता पाऊल ताठ ठेवावे. बैठकीखाली घोंगडीची जाड घडी घेतली तर कंबर पुढे कलते आणि गुडघे खाली येतात. तरीही एखादा अधांतरी राहिला तर त्याच्याखाली उशी सरकवावी. आसन सोडतानाही हाताने सोडवावे, हिसका देऊ नये. कुल्ल्यात किंवा मांडीच्या बाहेरून ताण जाणवला तर ठीक. गुडघ्यात कळ आली तर तिथेच थांबावे. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा गुडघा अडकू लागला तर डॉक्टरांना दाखवावे. तोवर अर्धपद्मासन, स्वस्तिकासन किंवा साधी मांडी आहेच. पतंजलीच्या सूत्रांत पद्मासनाचे नावसुद्धा येत नाही. बसणे स्थिर आणि सुखाचे असावे एवढीच तिथली अट आहे.

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. शाळेत कोनमापक आणि ओळंबा एवढ्यावर काम भागते. विद्यार्थ्याला टेबलावर बसवून नडग्या खाली लोंबू द्या. मांडी न हलवता एक पाऊल आतल्या बाजूला, दुसऱ्या पायापलीकडे न्यायला सांगा (दुसरा पाय जरा मागे घ्यावा). नडगी ओळंब्याशी जो कोन करते तेवढा खुबा बाहेर वळला. पाऊल आत आणि खुबा बाहेर, हे मुलांना आधी उलटे वाटेल. एका हाताने मांडी धरायला लावली की तिचे फिरणे त्यांना जाणवेल. दोन्ही पायांची मापे नोंदवा, वर्गाचा आलेख काढा, आणि मग कोणाला कोणते आसन द्यायचे ते ठरवा.