पुण्याच्या वेशीबाहेरची गाडी

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. बेडफर्डची, लाकडी बॉडीची, तीस आसनांची. एसटीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि पुढच्याच परिच्छेदात एशियाड, शिवनेरी, शिवशाहीवर येतात. या सगळ्या शहरातून शहरात जाणाऱ्या गाड्या. त्यांचं कौतुक व्हावंच. पण पुण्याभोवतीच्या भोर, वेल्हे, मुळशी, पुरंदर या तालुक्यांत ज्या गाडीनं माणसांचं आयुष्य बदललं ती वेगळी होती. ती रात्री गावात मुक्कामाला यायची आणि पहाटे पुण्याकडे निघायची. गेल्या पाऊणशे वर्षांचा हिशेब मांडायचा तर तिच्यापासून मांडायला हवा.

एसटीच्या आधीही मोटारी होत्या, खासगी मालकांच्या. त्या भरल्या की निघत. एसटीनं खेड्याला पहिल्यांदा वेळापत्रक दिलं. चार उतारू असोत की चाळीस, ठरलेल्या वेळी गाडी हलणार, ही खात्री त्या काळात फार मोठी होती. तरीही बरीच वर्षं गाडी फाट्यापर्यंतच येई, पुढची वाट पायांची. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर हजारो हातांनी खडी फोडली, कच्चे रस्ते तयार झाले, आणि त्या रस्त्यांवरून लाल गाडी आतल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली. ‘गाव तिथे एसटी’ या घोषणेमागे महामंडळाचे कष्ट होते, तसेच दुष्काळात राबलेल्या बायामाणसांचेही होते. हे दुसरं फारसं कुणी बोलत नाही.

मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या ओसरीवर किंवा गाडीतच झोपत. कुणाच्या तरी घरून त्यांच्यासाठी भाकरी-कालवण येई. पहाटे इंजिन सुरू झालं की गाव उठे. गाडीत पहिल्यांदा टोपल्या चढत. पुरंदरचे अंजीर, सीताफळं, वाटाण्याची पोती; मे महिन्यात मुळशी-वेल्ह्याकडची करवंदं आणि जांभळं. गुलटेकडीचा मार्केट यार्ड स्वारगेट स्टँडपासून जवळ, हे डोंगरातल्या बायकांच्या फार उपयोगी पडलं. पहाटे निघालेली बाई दिवस वर येईपर्यंत पुण्याच्या रस्त्यावर पाटी मांडून बसलेली असे. त्याच गाडीत ससूनला नेलेला पेशंट असे, शिवाजीनगरच्या कोर्टात तारीख असलेला म्हातारा असे, पास खिशात घातलेली पोरं असत. शहरात शिकायला राहिलेल्या मुलांचे जेवणाचे डबे याच गाडीनं येत. आई सकाळी डबा कंडक्टरकडे देई, मुलगा स्टँडवर येऊन तो घेऊन जाई. किती तरी पहिल्या पिढीचे पदवीधर या डब्यांवर शिकले. कोणत्याही अहवालात ही नोंद सापडणार नाही, आणि मला हीच एसटीची सर्वांत मोठी कमाई वाटते.

या गाडीनं पैसा मात्र मिळवला नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या कमवत आणि त्या कमाईवर खेड्याच्या फेऱ्या चालत. ही व्यवस्था दोन्ही टोकांनी पोखरली गेली. लांबचा उतारू खासगी ट्रॅव्हल्सनं नेला, जवळचा वडापच्या जीपनं. एसटी यायच्या दहा मिनिटं आधी फाट्यावर जीप उभी राहायची आणि माणसं भरून निघून जायची. एसटीवर साडेसतरा टक्के प्रवासी कर होता, डिझेल महागत होतं आणि तिकिटाचे दर वाढवायला सरकारची परवानगी लागत होती. तोटा वाढला की डेपोत भारमानाचा, म्हणजे कोणती फेरी किती भरते याचा, तक्ता काढला जाई, आणि त्यात सर्वांत कमी भारमान रात्रीच्या शेवटच्या फेरीचं दिसे. मग तीच बंद होई.

इथे मोठी चूक झाली, आणि ती वर्षानुवर्षं होत राहिली. रात्रीची गाडी रिकामी दिसते, पण तिच्या भरवशावर माणूस सकाळी घरून निघतो. कामाला उशीर झाला तरी परतायला गाडी आहे, एवढ्या आधारावर बाप मुलीला पुण्याच्या कॉलेजात घालतो. तो आधार गेला की सकाळचा उतारूही जातो. कुणी दुचाकी घेतं, कुणी शहरात खोली करतं, आणि कुणाची मुलगी बारावीनंतर घरी बसते. पुढच्या वर्षी सकाळच्या फेरीचं भारमान उतरतं आणि तिच्यावरही काट बसते. तक्ता एकेका फेरीचा काढला जातो, पण उतारूला जाणं आणि येणं एकत्रच लागतं.

दरम्यान शहराची बस आपल्या वाटेनं वाढत होती. १९५० साली पीएमटी सुरू झाली, पुढे पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी आली, २००७ मध्ये दोन्ही मिळून पीएमपीएमएल, म्हणजे आजची पीएमपी, झाली. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. हद्दीच्या आतल्या गावाला बस मागायला नगरसेवक आणि महापालिका मिळाली. हद्दीपलीकडचं गाव, मग ते दोनच कोस लांब का असेना, डेपोच्या तक्त्यावर अवलंबून राहिलं.

२०२० मधल्या टाळेबंदीनं एसटीची चाकं थांबली. ती पुरती फिरू लागतात तोच २०२१च्या दिवाळीच्या तोंडावर कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. तुटपुंज्या आणि उशिरा होणाऱ्या पगारावर पोट भरणाऱ्या माणसांचा तो संप होता. त्यांच्या मागण्यांना हलकं लेखणं मला जमत नाही. त्या महिन्यांत पीएमपीनं आपल्या गाड्या ग्रामीण भागात आत नेल्या. दिवे घाट, कात्रजचा घाट ओलांडून शहराची बस गावात आली आणि लोकांनी ती आपली मानली. संप मिटला. एसटीनं आपले मार्ग परत मागितले, आणि नोव्हेंबर २०२२ पासून पीएमपीनं ग्रामीण मार्ग बंद करायला सुरुवात केली. कागदावर यात गैर काहीच नव्हतं. पीएमपीचा तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात भरतात. वेल्ह्याच्या उतारूसाठी कोथरूडच्या करदात्यानं पैसे का द्यावेत, असं विचारलं जातं. पण वेल्ह्याच्या खोऱ्यात पाणी अडवून पुण्याची तहान भागवली जाते. पानशेतच्या पाण्याला हद्द लागत नाही आणि बसला लागते, हे त्या खोऱ्यातल्या माणसाला कसं पटावं?

गेल्या काही वर्षांत सवलती भरपूर आल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. शाळकरी मुलींना मोफत पास आधीपासून होताच. बायकांची गर्दी वाढली, माहेर जवळ आलं, हे डोळ्यांना दिसतं. पण जिथे दिवसातून दोनच फेऱ्या उरल्या आहेत तिथे अर्ध्या तिकिटाचा लाभही दोनदाच मिळतो. महामंडळाचा साठलेला तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे, त्यामुळे जुन्या फेऱ्या आपण होऊन परत येतील ही आशा नको.

सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. रात्री दहानंतरही ती धावते. तिथून जिना चढून वर आलेल्या माणसाला भोर-वेल्ह्याच्या बाजूला जाणारी गाडी मिळावी, यासाठी नवा प्रकल्प लागत नाही. जिल्हा नियोजनाच्या पैशातून प्रत्येक खोऱ्याला रात्रीची एक मुक्कामी फेरी द्यावी, ती एसटीनं चालवावी की पीएमपीनं हे त्यांनी आपसांत ठरवावं, आणि निदान तीन वर्षं तिचं भारमान कुणी काढू नये.