लोणारच्या खाऱ्या तळ्यावरील पाहुणीं पाखरें

कोंकणांतील शेतकऱ्यास खाडी, खाजण आणि त्यांवर उतरणारीं पाखरें हीं लहानपणापासून परिचयाचीं असतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाहीं. तो येथून साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तथापि खाऱ्या पाण्याचें एक तळें या जिल्ह्याच्या वांट्यास आलें आहे, आणि हिंवाळ्यांत त्या तळ्यावर व भोंवतालच्या शिवारांत जीं पाखरें उतरतात त्यांचा आमच्या ज्वारी-हरभऱ्याशीं प्रत्यक्ष संबंध आहे. तो संबंध शेतकरी बंधूंपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु. आम्ही पक्षिशास्त्रज्ञ नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचीं वर्षें गेलीं; गेल्या वर्षीं निवृत्त झाल्यावर पहांटे सरोवराच्या कडेवर जाऊन बसण्याचा छंद लागला, इतकेंच. परंतु या पाखरांशीं आमचा एक जुना हिशेब बाकी आहे. तो ओघानें पुढें येईल.

सरोवराची हकीकत :— लोणारचें विवर हें आकाशांतून पडलेल्या उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत झालेलें आहे. कडेपासून कडेपर्यंत त्याची रुंदी सुमारें १.८ किलोमीटर आणि खोली सुमारें १५० मीटर आहे. त्याचें वय एका पद्धतीनें मोजतां बावन्न हजार वर्षें, तर दुसरीनें मोजतां सुमारें पांच लाख सत्तर हजार वर्षें भरतें. विद्वानांचा हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. अकबराच्या कारकीर्दींतील ऐन-इ-अकबरी या ग्रंथांत, कांच व साबण यांस लागणारे पदार्थ येथें मिळतात असा उल्लेख आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. पुढें पुष्कळ वर्षें येथील खार काढून विकला जात असे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं त्याच्या जातींचीं नांवें होतीं.

तळ्यांत पाणी येण्यास वाटा आहेत, बाहेर जाण्यास एकही नाहीं. उन्हानें पाणी उडून जातें व क्षार मागें राहतो. म्हणून तें पाणी खारें व सोड्यासारखें तिखट झालें आहे. त्यांत मासे राहत नाहींत. २००० सालीं शासनानें या जागेस अभयारण्य ठरविलें. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं इराणांतील रामसर या गांवीं १९७१ सालीं जो करार झाला, त्याच्या यादींत २०२० सालीं लोणारचें नांव दाखल झालें. महाराष्ट्रांत त्यापूर्वीं नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर या एकाच जागेस तो मान मिळाला होता. रामसरच्या नोंदींत येथील क्षेत्र ४२७ हेक्टर, पक्ष्यांच्या जाती १६०, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ दिल्या असून त्यांत लांडगाही आहे. त्याच वर्षीं जून महिन्यांत पाणी एकाएकीं गुलाबी झालें व लोकांत नाना तर्क उठले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून, खारट पाण्यांत वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचा तो रंग आहे असें सांगितलें. पाऊस पडून पाणी वाढल्यावर रंग ओसरला.

वर्षाचें चक्र :— ज्या पाण्यांत मासा नाहीं तेथें पाखरूं कशास येईल, अशी शंका वाचकांस येईल. आम्हांसही आली होती. उत्तर असें कीं, त्या पाण्यांत हिरवें शेवाळ विपुल आहे, कांठच्या चिखलांत किडे आहेत, आणि विवराच्या उतारावर धार, रामगया, सीतान्हाणी असे गोड्या पाण्याचे झरे आहेत. खाऱ्या पाण्यावर चारा व गोड्या पाण्यावर तहान, अशी पाखरांची व्यवस्था आहे.

आषाढांत विवराच्या उतारावरील झाडींत मोरांच्या केका ऐकूं येतात. श्रावण-भाद्रपदांत सुगरणी बाभळीच्या शेंड्यांस खोपे टांगतात. याच सुमारास, ज्वारी निसवण्याच्या पूर्वींच, भोरडीचे थवे येऊं लागतात. आश्विनांत धोबी शेपटी हालवीत नांगरटींत हिंडूं लागला कीं हिंवाळा जवळ आला असें समजावें. कार्तिकापासून माघापर्यंत तळ्यावर खरी वर्दळ असते. लांब तांबड्या पायांचे शेकाटे कांठीं ओळीनें उभे राहतात. टिबुकल्या बुडतात व भलतीकडेच वर येतात. रुंद चोंचीचे थापटे पाणी गाळीत फिरतात. चक्रांग बदकांचे घोळके मध्यभागीं स्वस्थ बसतात. केशरी रंगाच्या चक्रवाकांची जोडी हांका देत उतरली म्हणजे सगळें विवर घुमतें. हे चक्रवाक लडाख, तिबेट व मध्य आशियांत अंडीं घालतात आणि हिमालय ओलांडून आमच्याकडे येतात. जगांत ज्यांची संख्या घटत आहे अशांपैकीं छोटी लालसरी हें बदक व पांढऱ्या मानेचा करकोचा हे दोन्ही येथें नोंदले गेले आहेत. फाल्गुनांत ऊन तापूं लागतें व पाहुणे एकेक करून निघतात. चैत्रांत मागें राहतात ते घरचे : टिटवी, नीलकंठ, शिंपी, चंडोल आणि मोर.

देऊळगांव राजा तालुक्यांतील खडकपूर्णा प्रकल्पाचा जलाशय, ज्यास संत चोखासागर म्हणतात, तोही हिंवाळ्यांत पाहण्याजोगा असतो. तेथें रोहित पक्षी, म्हणजे अग्निपंख, उतरल्याच्या वार्ता मधून मधून येतात. ज्यांस लोणारचा उतार झेपत नाहीं त्यांनीं तेथें जावें.

शेतकऱ्याचा प्रश्न :— येथवर वाचून एखादा शेतकरी म्हणेल, "हें सर्व ठीक, पण पाखरूं माझ्या कणसावर बसतें, त्याचें काय?" हा प्रश्न खरा आहे, आणि शहरांतून दुर्बीण घेऊन येणारांस तो सुचत नाहीं.

भोरडीचेंच उदाहरण घेऊं. हुरड्यावर आलेल्या ज्वारींत हजारांचा थवा उतरला कीं राखणदार रडकुंडीस येतो. परंतु हीच भोरडी टोळ व नाकतोडे यांची मोठी वैरीण आहे. चीन देशाच्या शिनजियांग प्रांतांत ती उन्हाळ्यांत अंडीं घालते. तेथील कुरणांत टोळांचा उपद्रव आवरण्यासाठीं सरकारनें मुद्दाम दगडांचे ढीग रचून तिला घरट्यांस जागा करून दिल्या आहेत. त्याच देशानें १९५८ सालीं धान्य खाते म्हणून चिमणी मारण्याची मोहीम काढली होती. चिमण्या संपल्या, किडे माजले, आणि १९६० सालीं उपद्रवी जीवांच्या यादींतून चिमणीचें नांव काढून तेथें ढेकणाचें घालावें लागलें. एकाच देशानें दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. त्यावरून आपण काय घ्यावयाचें तें घ्यावें.

पाहुण्यांपैकीं बहुतेक तर धान्यास शिवतही नाहींत. धोबी किडे वेंचतो. भोंवत्या नांवाचा ससाण्यासारखा पक्षी माळावर खालून उडत नाकतोडे, उंदीर व सरडे टिपतो. घरच्या पाखरांत कोतवाल घाटेअळी उचलतो, गायबगळा नांगरामागें चालून हुमणी खातो आणि गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतें. यांची मजुरी कोणत्याही हिशेबांत धरली जात नाहीं.

आमचा जुना हिशेब :— २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत मोठी गारपीट झाली, तेव्हां पंचनाम्यांच्या कामावर आम्हीही होतों. विवराजवळच्या एका गांवीं हरभऱ्याच्या शेतांत गेलों असतां बांधाच्या कोपऱ्यांत मोर व लांडोरी मिळून सात पाखरें मरून पडलेलीं दिसलीं. जवळच कांहीं होले व चंडोल. बरोबरच्यांपैकीं कोणी म्हणालें, "गारांनीं मेलीं असतील." गारा पडून आठ दिवस झाले होते, आणि पाखरांचे डोळे अजून ताजे होते. बांधावर औषध चोळलेले दाणे विखुरलेले आम्हांस स्पष्ट दिसले. शेतकरी खालीं मान घालून उभा होता. शेवटीं तो म्हणाला, "साहेब, दोन एकर हरभरा. निम्मा यांनी खाल्ला, उरला तो गारांनी नेला. तुमी लिहून घेता, पन तुमचं लिहिलेलं मोरांना वाचता येत नाही. आता मला तुरुंगात घाला."

मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे, व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास पहिल्या अनुसूचीचें संरक्षण असून त्यास मारणारास तुरुंगवास आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. पंचनाम्याच्या नमुन्यांत पाखरांस रकाना नव्हता. आम्हीं तो करूनही घेतला नाहीं. पिकाचें नुकसान लिहिलें, सही घेतली व पुढच्या शेतांत गेलों. त्या मनुष्याची आम्हांस दया आली हें खरें; परंतु आमचें काम लौकर उरकलें हेंही तितकेंच खरें. वनखात्यास कळवावयास हवें होतें, किंवा निदान त्या शेतकऱ्याजवळ थांबून दुसरा उपाय सांगावयास हवा होता. दोन्ही केलें नाहीं.

गेल्या पौषांत तोच शेतकरी कडेवर बैल चारतांना भेटला. त्यानें ओळख दिली. आम्हीं विचारलें, "भाऊ, मोरांचें कसें काय?" तो म्हणाला, "येतात. खातात. पन औषध नाही टाकत आता. त्या साली माझा कुत्रा बी त्यानंच मेला, साहेब. राखणीचा कुत्रा होता." मग त्यानें आम्हांस शेतांत नेऊन आपली व्यवस्था दाखविली. ती व आम्हीं इतरत्र पाहिलेली अशी मिळून खालीं देतों.

कांहीं उपाय :—

१. हरभऱ्यास मोरांपासून अधिक धोका उगवणीच्या दिवसांत व पुढें घाटे भरल्यावर असतो. मोर सकाळीं व सायंकाळीं चरतो. तेवढ्या वेळां घरच्या माणसांनीं पाळीनें राखण केल्यास दिवसभर बसावें लागत नाहीं. त्या शेतकऱ्यानें कडेनें जुनीं लुगडीं बांधलीं होतीं. तीं दर चार-पांच दिवसांनीं हालविलीं नाहींत तर मोर त्यांस भीत नाहीं, असें तो म्हणाला.

२. घाटेअळीसाठीं शेतांत हेक्टरीं वीस तरी पक्षीथांबे रोवावे. काठीवर आडवी काठी बांधली कीं झाला थांबा. त्यावर कोतवाल बसतो व अळ्या वेंचतो. दाणे भरूं लागल्यावर थांबे काढून घ्यावे.

३. विषारी दाणे कधींही टाकूं नयेत. तो गुन्हा आहे. शिवाय विष मोर व कुत्रा ओळखत नाहीं. रोही, रानडुक्कर, हरिण यांनीं पीक खाल्ल्यास भरपाई देण्याचा नियम आहे. अर्ज वेळेवर वनखात्याकडे करावा, व पोंच घेतल्याखेरीज परत येऊं नये. हा सल्ला आमच्या जुन्या धंद्यांतला आहे.

४. विवराच्या भोंवतालच्या शेतकऱ्यांनीं औषध व खत जपून वापरावें. खालचे झरे जमिनींत मुरलेल्या पाण्यावरच चालतात. आपण जें मुरवूं तें आज ना उद्यां त्यांत उतरेल. गांवचें सांडपाणी सरोवरांत जाऊं नये म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें सुनावण्या झाल्या. न्यायालय सांडपाणी अडवील, पण आपल्या बांधावरील मोकळा डबा आपणच उचलला पाहिजे.

५. सात-बारावर पोटखराब म्हणून जो तुकडा असतो, त्यांतील ओलीची जागा शक्य तों तशीच राहूं द्यावी. पोटखराब वर्ग अ जमीन लागवडीखालीं आणण्याची मोकळीक आतां मिळाली आहे, आणि जेथें पीक येईल तेथें तें घ्यावें याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु नाल्याकांठच्या दलदलीचे चार गुंठे बुजवून चार पायली धान्य येईल कीं नाहीं याची शंका. तेथें वावरणारे बगळे, धोबी व टिटव्या मात्र नक्की जातील. पोटखराब हा शब्द आम्हीं आयुष्यांत हजारों वेळां लिहिला. त्या जागेवर कोणाचें पोट भरतें, हें पाहण्यास एकदांही गेलों नव्हतों.

दर वर्षीं ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. तो रब्बीच्या पेरणीचा काळ असल्यामुळें शेतकऱ्यास सवड नसते, हें आम्ही जाणतों. पेरण्या आटोपल्यावर मार्गशीर्षांत एखाद्या सकाळीं मुलांस घेऊन लोणारास यावें. दुर्बिणीची गरज नाहीं. धारेपाशीं तोंड धुवावें, कडेवर स्वस्थ बसावें, आणि दूरवरून आलेले ते चक्रवाक आपल्या तळ्यावर उतरतांना पाहावे. आम्ही तेथेंच असतों. ज्या शेतकऱ्यांनीं पाखरांपासून पीक राखण्याचे आपले उपाय केले असतील, त्यांनीं ते आम्हांस सांगावे. यापुढें आम्ही सर्व लिहून घेऊं.