अन्कीबरोबरची चार वर्षं

जपानी शिकायला लागले त्याला या डिसेंबरात चार वर्षं होतील. पुण्यातल्या क्लासमध्ये हिरागाना-काताकाना या दोन लिप्या महिन्याभरात बसल्या, पण कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, आज पाठ केल्या की परवा पुसल्या जायच्या. वरच्या वर्गातल्या एका ताईने मोबाइलवर ‘अन्की’ हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांनी उजळणी करून घेणारं अ‍ॅप टाकून दिलं. जपानीत अन्की म्हणजे पाठांतर. डेमियन एल्म्स यांनी हे सॉफ्टवेअर २००६ साली जपानी शिकण्यासाठीच तयार केलं होतं.

पहिलं वर्ष हावरेपणात गेलं. दुसऱ्या कुणी केलेला हजारो कार्डांचा डेक, म्हणजे तयार संच, उतरवून घेतला आणि रोज पन्नास नवी कार्डं सुरू केली. दिवाळीला आठवडाभर गावी जाऊन आले, तर उजळणीची सहाशे कार्डं साचलेली. त्यानंतर महिनाभर अन्की उघडलंच नाही.

दुसऱ्या वर्षी अन्कीमागचं गणित समजून घेतलं. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजुळण्या स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो मांडला. १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी खणांची पेटी सुचवली: उत्तर आलं तर कार्ड उशिरा उघडायच्या पुढच्या खणात, चुकलं तर पुन्हा पहिल्यात. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये उजळणीचं वेळापत्रक संगणकावर सोपवलं. त्यांच्या सूत्रात कार्ड एका दिवसाने येतं, मग सहा दिवसांनी, पुढे दर वेळी साधारण अडीचपट अंतराने: पंधरा, अडतीस. अन्की याच सूत्रावर उभं राहिलं. विसरायच्या जरा आधी आठवून पाहायचं, एवढंच त्यातलं मर्म.

तिसऱ्या वर्षी ‘मात्सु’ आणि ‘मोत्सु’ने छळलं. एक म्हणजे वाट पाहणं, दुसरं हातात धरणं. दोन्ही कांजींचा उजवा भाग एकच, मंदिराचा. आठ वेळा चुकल्यावर अन्कीने ‘मात्सु’चं कार्ड ‘लीच’, म्हणजे जळू, ठरवून बाजूला काढलं. मग वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहिली. ‘मोत्सु’च्या डावीकडे हात होता, ‘मात्सु’च्या डावीकडे चालणारं पाऊल. ‘मी बसची वाट पाहतेय’ असं वाक्य घालून नवं कार्ड केलं. त्यानंतर ती जोडी चुकलेली नाही.

आता रोज आठच नवी कार्डं, सगळी स्वतः वाचलेल्या वाक्यांतून. सकाळच्या चहाबरोबर वीस मिनिटं, सुट्टीतही. कार्ड कधी दाखवायचं, हे सॉफ्टवेअर चोख सांभाळतं; समजून घेणं आपल्याकडेच राहतं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगेन: तयार डेक उतरवण्याआधी दहा कार्डं स्वतःच्या हाताने करून पाहा.